न जुळणारी भोके : सायकलीवर इंजिन बसवण्याचा इतिहास

#थ्रेड #इतिहास #यंत्रकथा

१/
साल १९४६. जपानमधील हामामात्सु शहर. वर्षभरापूर्वी हवाई बॉम्बहल्ल्यांनी आणि युद्धनौकांच्या तोफगोळ्यांनी या शहराची राखरांगोळी झाली होती. त्या भग्न शहराच्या रस्त्यावरून एक स्त्री सायकलीवर बसून जात आहे. तिचे पाय स्थिर आहेत, तरीही सायकल धावते आहे आणि फटफट असा आवाज करते आहे. सायकलीवर एक लहान इंजिन आहे. त्याची इंधनाची टाकी म्हणजे जपानी घरांत रात्री अंथरूण ऊबदार ठेवण्यासाठी गरम पाणी भरून ठेवतात ते भांडे, ‘यूतान्पो’. त्या स्त्रीचे नाव साची होंडा. हे जोडकाम करणारा तिचा नवरा, सोइचिरो होंडा.

२/
ते इंजिन मुळात सायकलीसाठी बनलेलेच नव्हते. मिकुनी या कंपनीने जपानी लष्कराच्या ‘क्रमांक ६’ या बिनतारी संचासाठी ते घडवले होते. एका जागी बसून वीजजनित्र फिरवणे एवढेच त्याचे काम. सायकलही इंजिनासाठी बनलेली नव्हती. एकाच्या बैठकीची भोके सपाट आधाराची अपेक्षा करणारी, तर दुसरीच्या अंगावर गोल नळ्यांखेरीज काही नाही. अशा दोन अनोळखी वस्तूंना एकत्र बांधायचे कसे? आजचा थ्रेड या एका प्रश्नाबद्दल आहे. वरवर पाहता हा प्रश्न फिटरचा आहे. प्रत्यक्षात मोटारसायकलीचा अर्धा इतिहास त्यात सामावला आहे.

३/
दुचाकीचा इतिहास सांगताना आपण सहसा इंजिनाचा इतिहास सांगतो. किती सी.सी., किती अश्वशक्ती, ताशी किती वेग. इंजिन नजरेत भरते, त्यावर नाव कोरलेले असते. इंजिनाला सांगाड्याशी धरून ठेवणारी पट्टी मात्र निनावी असते. ती कोणी कापली, कोणी वाकवली, कोणी कानशीने घासून बसवली याची नोंद क्वचितच राहते. पण पन्नास-साठ वर्षांच्या काळात पॅरिसपासून हामामात्सुपर्यंत अनेक कारागिरांना याच पट्टीने अडवले, आणि त्यातून जे मार्ग निघाले त्यांनी वाहनाचे रूप ठरवले.

४/
सुरुवात १८८५ पासून करू. त्या एका वर्षात दोन गोष्टी घडल्या. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ ही सुरक्षित सायकल आणली : जवळपास समान आकाराची दोन चाके, मागच्या चाकाला साखळी. आजच्या सायकलीची ती थेट पूर्वज. त्याच वर्षी जर्मनीत गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी ‘राइटवॅगन’ बनवली. तिचा सांगाडा लाकडी होता आणि तोल सांभाळण्यासाठी दोन्ही बाजूंना छोटी चाके होती. इंजिन घडवणाऱ्यांनी इंजिनाच्या मापाचा सांगाडा स्वतःच रचला. त्यामुळे न जुळणाऱ्या भोकांचा प्रश्न त्यांच्यापुढे आलाच नाही. मात्र ती गाडी विकण्यासाठी नव्हती. इंजिनाचा प्रयोग हाच तिचा हेतू होता.

५/
दरम्यान सायकल घराघरांत शिरली. तिचा सांगाडा हा अभियांत्रिकीचा एक सुंदर नमुना आहे. पोलादाच्या पातळ नळ्या त्रिकोणात जोडलेल्या : वरची आडवी दांडी, खालची तिरकी दांडी, सीटखालची उभी दांडी. त्रिकोणात प्रत्येक नळीवर मुख्यतः तिच्या लांबीच्या दिशेने ताण किंवा दाब येतो, म्हणून जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास जाडीची भिंतही माणसाचे वजन पेलते. पण नळीच्या मधोमध काही जड टांगले की हिशेब बदलतो. आता नळी वाकू पाहते. त्यात इंजिनाची थरथर मिसळली की सांगाड्यावर असा भार पडतो, ज्याचा विचार त्याच्या रचनाकाराने कधी केलेलाच नव्हता.

६/
आपल्या मनात येईल, नळीला भोक पाडावे आणि बोल्ट आरपार घालावा. सर्वांत सोपा मार्ग हाच दिसतो आणि सर्वांत घातक मार्गही हाच आहे. याचे कारण १८९८ मध्ये एर्न्स्ट गुस्ताफ किर्श या जर्मन अभियंत्याने गणिताने दाखवले. ताणलेल्या रुंद पत्र्यात लहान गोल भोक असेल, तर त्याच्या कडेवरचा ताण इतरत्र असलेल्या ताणाच्या तिप्पट होतो. भोक बारीक आहे म्हणून हा गुणक कमी होत नाही. सायकलीची नळी म्हणजे किर्शचा पत्रा नव्हे. तरीही भोकाच्या कडेला ताण एकवटतो, ही गोष्ट तिथेही तितकीच खरी.

७/
त्याआधी ऑगस्ट व्होलर यांनी रेल्वेच्या आसांवर दीर्घकाळ प्रयोग करून दुसरी गोष्ट सिद्ध केली होती. एका झटक्यात न तुटणारे पोलाद त्याहून कमी भार पुन्हा पुन्हा सोसून अखेर तुटते. या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवा. मिनिटाला हजारो फेऱ्या घेणारे इंजिन, पातळ भिंत आणि तीत पाडलेले भोक. पहिल्या दिवशी काहीच होत नाही, दहाव्या दिवशीही नाही. मग कधीतरी उतारावर, भोकाच्या कडेला केसाएवढी चीर पडते आणि नळी दुभंगते. म्हणूनच जाणता कारागीर नळीला भोक पाडत नाही. तो नळीला बाहेरून कवटाळणारा क्लॅम्प बनवतो.

८/
आता पॅरिसला जाऊ. मिशेल आणि यूजीन वेर्नर हे रशियातून येऊन तेथे स्थायिक झालेले बंधू. १८९७ मध्ये त्यांनी सायकलीला इंजिन जोडून तिला ‘मोटोसिक्लेट’ हे नाव दिले. इंजिन कुठे बसवले? हँडलच्या पुढे, पुढच्या चाकाच्या वर. तिथे मोकळी जागा होती आणि चाकही हाताशी होते. पण सगळे वजन उंचावर आणि पुढे गेल्याने ओल्या रस्त्यावर गाडी सहज घसरे. त्या काळी प्रज्वलनासाठी तापती नळी वापरत, तिच्याखाली ज्योत पेटती ठेवावी लागे. गाडी आडवी झाली की पेट्रोल आणि ज्योत यांची गाठ पडे, आणि मग काय होई ते सांगायला नको.

९/
वेर्नर बंधू शिकले. १९०१ मध्ये त्यांनी इंजिन खाली आणले, थेट त्या जागी जिथे पायडलांचा आस असतो. क्लॅम्पने टांगण्याऐवजी त्यांनी सांगाडाच तिथे मोकळा सोडला आणि इंजिनाचे घर त्या मोकळ्या जागेत बोल्टने बसवले. म्हणजे इंजिन स्वतःच सांगाड्याचा एक भाग झाले. वजन खाली आले, मध्यावर आले, गाडी स्थिर झाली. पुढची शंभराहून अधिक वर्षे बहुतेक मोटारसायकलींचे इंजिन याच जागी राहिले आहे. आपल्या दारातली मोटारसायकल पाहा, १९०१ चा तो निर्णय आजही तिच्या पोटात बसलेला दिसेल.

१०/
पण सांगाडा बदलणे प्रत्येकाला परवडणारे नव्हते. बेल्जियममधील अँटवर्पच्या मिनर्व्हा कंपनीने दुसरा रस्ता धरला. तिने सायकलीला जोडता येईल असे लहान इंजिन बनवले आणि ते खालच्या तिरक्या दांडीला टांगले. तेथून चामड्याचा पट्टा मागच्या चाकाकडे जाई. ही इंजिने तिने इतर सायकल-उत्पादकांनाही विकली. कॉव्हेंट्रीच्या ट्रायम्फ कंपनीने १९०२ मध्ये आपली पहिली मोटारसायकल बाजारात आणली, तेव्हा तिच्यावर मिनर्व्हाचेच इंजिन होते. पुढे जगप्रसिद्ध झालेल्या एका नावाची सुरुवात अशी स्वतःची सायकल आणि विकत घेतलेले इंजिन यांच्या जोडकामातून झाली.

११/
अमेरिकेतील मिलवॉकी शहरात विल्यम हार्ली आणि आर्थर डेव्हिडसन हे तरुण मित्र याच खटपटीत होते. हार्लीने १९०१ मध्ये सायकलीत बसेल अशा लहान इंजिनाचा आराखडा काढला. १९०३ च्या सुमारास ती गाडी तयार झाली, पण मिलवॉकीच्या चढांवर पायडल मारल्याशिवाय ती चढेना. मोठे इंजिन हवे होते. मोठे इंजिन म्हणजे अधिक वजन, अधिक ओढ, अधिक थरथर. सायकलीचा सांगाडा ते सोसणार नव्हता. तेव्हा त्यांनी सायकलीच्या सांगाड्याचा नाद सोडला आणि इंजिनाला खालून वळसा घालणारा नवा, दणकट सांगाडा घेतला. जोडकामाला मर्यादा असते, हा धडा त्यांना पहिल्या दोन-तीन वर्षांतच मिळाला.

१२/
येथे क्षणभर थांबून ‘बसवणे’ म्हणजे नेमके काय ते समजून घेऊ. तीन गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात.
पहिली, भोके : इंजिनाच्या बैठकीचे बोल्ट आणि सांगाड्यावरचा आधार.
दुसरी, रेषा : इंजिनाची पुली आणि चाकाची पुली एकाच प्रतलात. थोडी तिरकी झाली तरी पट्टा निसटतो, साखळी दात खाते.
तिसरी, थरथर : बोल्ट ढिले न होता आणि नळी न चिरता ती पचली पाहिजे.
नवशिक्या पहिली गोष्ट जुळवतो आणि काम झाले असे समजतो. जाणकार रेषेपासून सुरुवात करतो, आणि भोके सर्वांत शेवटी पाडतो.

१३/
म्हणून न जुळणाऱ्या भोकांवरचा जुना, खात्रीचा उपाय म्हणजे मधली पट्टी. जाड पोलादी पट्टी घ्यायची. तिच्या एका टोकाला इंजिनाच्या मापाची भोके, दुसऱ्या टोकाला नळीला कवटाळणाऱ्या क्लॅम्पची. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापायचा, इंजिन दोरीने टांगून रेषा पाहायची, मग खुणा करायच्या. एका बाजूची भोके गोल न ठेवता कानशीने लांबट करायची, म्हणजे पट्टा ताणण्यासाठी इंजिन मागेपुढे सरकवता येते. नळी आणि क्लॅम्प यांच्यात रबराचा किंवा चामड्याचा तुकडा द्यायचा. यात दोन्ही वस्तूंचा मान राखला जातो : इंजिन कापावे लागत नाही, सांगाडा दुखावत नाही. चूक झालीच तर पट्टी वाया जाते, माणूस नाही.

१४/
१९४५. महायुद्ध संपले. युरोप आणि जपानमध्ये एकच दृश्य : कारखाने मोडलेले, पेट्रोल दुर्मिळ, मोटारी स्वप्नवत, पण सायकली मात्र उरलेल्या. कामावर जायचे आहे, दूरच्या गावातून धान्य आणायचे आहे. अशा वेळी सायकलीला छोटे इंजिन ही चैन उरली नव्हती, ती कित्येकांची निकड होती. १९०५ च्या सुमारास मोटारसायकलीने मागे टाकलेला तोच जुना प्रश्न चाळीस वर्षांनी पुन्हा उभा राहिला. यावेळी तो एकाच वेळी अनेक देशांत उभा राहिला, आणि प्रत्येकाने त्याचे निराळे उत्तर दिले.

१५/
इटलीचे उत्तर ‘कुचोलो’. शब्दाचा अर्थ कुत्र्याचे पिल्लू; इंजिनाच्या भुंकण्यासारख्या आवाजावरून पडलेले नाव. तूरिनमध्ये आल्दो फारिनेल्ली यांच्या कल्पनेतून ते जन्मले आणि १९४५ च्या जुलैत जाहीर झाले. पुढच्या वर्षी त्याचे उत्पादन बोलोन्याच्या डुकाटी कंपनीकडे आले. डुकाटी तोवर रेडिओचे भाग बनवत असे, आणि तिचा कारखाना १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाला होता. ४८ सी.सी.चे हे इंजिन पायडलांजवळ बसे. त्याची खुबी अशी की पायडलांचा आस इंजिनाच्याच घरातून जात असे, आणि पायडलांच्या स्थितीनुसार गियर बदलत असे. सायकलीचा एक भाग इंजिनाने आपल्या पोटात घेतला, जोडकामाचा प्रश्न बराचसा तेथेच मिटला.

१६/
फ्रान्सचे उत्तर १९४६ ची ‘वेलोसोलेक्स’. इंजिन पुढच्या चाकावर, आणि त्याचा रूळ थेट टायरवर टेकलेला. ना साखळी ना पट्टा, त्यामुळे रेषा जुळवण्याचा त्रासच नाही.
इंग्लंडमध्ये १९५० पासून मिळू लागलेल्या ‘सायकलमास्टर’चे उत्तर त्याहून मिस्कील होते. आपल्या सांगाड्यावर भोके जुळत नाहीत ना? मग सांगाड्याला हातच लावू नका. सायकलीचे मागचे चाक काढा आणि आमचे चाक बसवा; इंजिन त्या चाकाच्या मोठ्या गोल डब्यातच आहे. सायकल कोणत्याही कारखान्याची असो, मागचे चाक तर प्रत्येकीला असतेच. न जुळणाऱ्या शंभर मापांतून एक जुळणारे माप शोधून काढणे, ही या यंत्रामागची खरी बुद्धी.

१७/
आता पुन्हा हामामात्सु. सोइचिरो होंडा यांचा जन्म १९०६ चा. वडील गिहेई लोहार होते, आणि पुढे सायकली दुरुस्त करू लागले. सोइचिरो १९२२ मध्ये टोकियोच्या ‘आर्ट शोकाई’ या मोटारदुरुस्तीच्या दुकानात उमेदवार म्हणून लागले आणि १९२८ मध्ये हामामात्सुला त्याच दुकानाची शाखा चालवू लागले. पुढे त्यांनी पिस्टनच्या रिंगा बनवणारी तोकाई सेइकी ही कंपनी उभारली. बॉम्बहल्ले आणि १९४५ च्या जानेवारीतील भूकंप यांनी तिची दुर्दशा केली. युद्धानंतर त्यांनी आपले भाग टोयोटाला विकले आणि काही काळ काहीच न करता घालवला. १९४६ मध्ये त्यांनी एक लहान ‘संशोधन संस्था’ सुरू केली. नाव मोठे होते, जागा म्हणजे एक साधी शेड.

१८/
त्याच सुमारास एका परिचिताच्या घरी त्यांना बिनतारी संचाचे ते लहान इंजिन दिसले. त्या काळी साची सायकलीवरून दूरदूर जाऊन घरासाठी अन्नधान्य मिळवत. इंजिन पाहताच होंडांच्या डोळ्यांपुढे सायकल आली. हे केवळ प्रतिभेचे काम नव्हते. लोहाराच्या भात्याजवळ वाढलेला, सायकली आणि मोटारी दोन्ही उघडून पाहिलेला माणूस त्या इंजिनाकडे पाहत होता. त्याच्या हातांना ठाऊक होते की दोन परक्या वस्तूंच्या मध्ये एक पट्टी बसवली की त्या परक्या राहत नाहीत.

१९/
पहिली मांडणी फसली. होंडांनी आधी इंजिन पुढे, हँडलजवळ बसवले आणि रबरी रुळाने पुढचे चाक फिरवले. तत्त्व वेलोसोलेक्सचेच. पण युद्धोत्तर जपानमधले टायर इतके हलके होते की रुळाच्या घर्षणाने ते झिजून जात. फ्रान्समध्ये चालणारे उत्तर हामामात्सुत चालेना, कारण प्रश्नातला एक घटक निराळा होता. तेव्हा इंजिन सांगाड्याच्या मध्यभागी आले आणि पट्ट्याने मागचे चाक फिरवू लागले. पंचेचाळीस वर्षांपूर्वी वेर्नर बंधूंनी हाच प्रवास केला होता : पुढून मध्याकडे, वरून खाली.

२०/
मग परीक्षा. साची यांनी आपली चांगली ‘मोन्पे’, म्हणजे त्या काळी जपानी स्त्रिया घालत ती सैल सुरवार, नेसून शहराच्या गर्दीच्या रस्त्यावरून गाडी चालवली. त्या परतल्या तेव्हा सुरवारीवर तेलाचे डाग होते. कार्ब्युरेटरमधून तेलमिश्रित इंधन उलट उडत होते. हे चालायचे नाही, असे त्यांनी नवऱ्याला सुनावले आणि होंडांनी तो दोष दूर केला. इतिहासाच्या पुस्तकांत ही घटना विनोदी किस्सा म्हणून येते. मला ती त्या काळातील सर्वांत महत्त्वाची तांत्रिक तपासणी वाटते. कारखान्यातील माणूस इंजिन चालते का ते पाहतो. रोज धान्य आणायला जाणारी बाई ते वाहन म्हणून चालते का ते पाहते. या दोन प्रश्नांची उत्तरे एकच असतील असे नाही.

२१/
गाड्या खपू लागल्या. पेट्रोल रेशनवर होते. त्यात होंडा पाइन वृक्षांच्या मुळांपासून काढलेले टर्पेंटाइन मिसळत, त्यामुळे धुराला त्याचा उग्र वास येई. पण लष्कराची उरलेली इंजिने किती पुरणार? सुमारे पाचशे इंजिने वापरून झाली आणि साठा आटला. येथे दोन रस्ते होते : दुकान बंद करणे, किंवा स्वतःचे इंजिन घडवणे. १९४७ मध्ये कियोशी कावाशिमा हा तरुण अभियंता त्यांच्याकडे रुजू झाला. पुढे तोच कंपनीचा दुसरा अध्यक्ष झाला. ‘धुराडे’ असे टोपणनाव पडलेला पहिला प्रयत्न उत्पादनापर्यंत पोचला नाही. त्यानंतर त्याच वर्षी ५० सी.सी.चे ‘ए-टाइप’ बाजारात आले.

२२/
यातला फरक ध्यानात घ्या. परक्या इंजिनाची भोके जिथे आहेत तिथेच असतात. स्वतःचे इंजिन घडवताना मात्र ओतकामाच्या साच्यातच ठरवता येते की बैठक कुठे असावी, पुली कोणत्या बाजूला असावी, टाकी कशी बसावी. पट्टीने केलेली तडजोड आता आराखड्यात शिरली. पण सायकल अजून परकीच होती. इंजिने जोरकस होत गेली, तसा सांगाडा कमी पडू लागला. अखेर १९४९ च्या ऑगस्टमध्ये ‘ड्रीम डी-टाइप’ आली, दाबयंत्रात घडवलेल्या पोलादी पत्र्याच्या स्वतंत्र सांगाड्यासह. मिलवॉकीच्या तरुणांना जे कळले होते, तेच हामामात्सुत पुन्हा कळले. ज्ञान पुस्तकातून आले नाही तर प्रत्येक पिढीला ते तुटलेल्या नळीकडून शिकावे लागते.

२३/
तरीही सायकलीची गोष्ट संपली नव्हती. ज्याच्याकडे सायकल आहे पण ‘ड्रीम’साठी पैसे नाहीत, तो लाखोंच्या संख्येने होताच. १९५२ मध्ये होंडांनी ‘कब एफ-टाइप’ आणली : पांढरी टाकी, लाल इंजिन, मागच्या चाकाच्या बाजूला बसणारे. कंपनीचा व्यवहार पाहणारे ताकेओ फुजिसावा यांनी जपानभरच्या पन्नास हजारांहून अधिक सायकल दुकानांना थेट पत्रे पाठवली. त्यांचे आवाहन असे होते की तुमच्या आधीच्या पिढीने धाडस करून परदेशी सायकली विकायला घेतल्या, आज तुम्ही इंजिन विकायला घ्या. हजारो दुकानदारांनी होकार दिला. इंजिने पुठ्ठ्याच्या खोक्यांतून रवाना झाली. ती बसवणार कोण? गल्लीतला सायकलवाला. ज्याला आपल्या गिऱ्हाइकाच्या सायकलीचे प्रत्येक माप पाठ आहे, त्याच्याइतका योग्य माणूस दुसरा कोण असणार!

२४/
याच १९५२ मध्ये, याच हामामात्सुत, हातमाग-यंत्रमाग बनवणाऱ्या सुझुकी कंपनीने ३६ सी.सी.ची ‘पॉवर फ्री’ आणली. तीही सायकलीला जोडायची. म्हणजे दुचाकींच्या जगातल्या दोन बलाढ्य जपानी नावांचा उगम एका शहरात, एकाच प्रश्नातून झाला. युरोपात सायकल आणि इंजिन यांचे हे जोडकाम एकाच कारखान्यातून तयार होऊन बाहेर पडू लागले आणि ‘मोटर’ व ‘पेडल’ यांच्या संधीतून ‘मोपेड’ हा शब्द रूढ झाला. तो वंश १९७२ मध्ये पुण्यात पोचला. कायनेटिक इंजिनिअरिंगची ‘लूना’ आठवते? तिचे पायडल हा शोभेचा भाग नव्हता. ती तिच्या सायकल-पूर्वजाची खूण होती.

२५/
आणि आज? आज इंजिनाच्या जागी विजेची मोटर आली आहे, प्रश्न मात्र तोच आहे. जुन्या सायकलीला मोटर जोडण्याचे संच मिळतात. त्यांतले कित्येक पायडलांच्या आसाच्या नळकांड्यात बसतात, त्याच जागी, जी वेर्नर बंधूंनी १९०१ मध्ये निवडली. आणि तिथेही मापे भांडतात. इंग्लिश पद्धतीचे नळकांडे ६८ मिलिमीटर रुंद, इटालियन ७० मिलिमीटर. एकाची आटे १.३७ इंच व्यासाची, दुसऱ्याची ३६ मिलिमीटर, जुन्या फ्रेंच सायकलींची ३५ मिलिमीटर. तिन्ही जवळजवळ सारखी, आणि म्हणूनच फसवी. जोर लावला तर चुकीचा कप दोन फेरे आत जातो आणि आटे कायमची मारून ठेवतो.

२६/
कारखान्यातून तयार होऊन येणाऱ्या विजेच्या सायकलींची तऱ्हा त्याहून निराळी. तिथे मोटरसाठी सांगाड्यातच खास जागा केलेली असते, म्हणजे वेर्नर यांचीच रीत. पण प्रत्येक मोटर-उत्पादकाच्या बोल्टची मांडणी वेगळी. एका कंपनीच्या मोटरसाठी बनलेल्या सांगाड्यात दुसऱ्या कंपनीची मोटर बसत नाही. काही वर्षांनी ती मोटर मिळेनाशी झाली तर धडधाकट सांगाडाही निरुपयोगी ठरू शकतो. यूतान्पोची टाकी करणाऱ्या १९४६ मधल्या माणसाकडे जवळपास काहीच नव्हते; पण जे मिळेल ते जे आहे त्याला जोडण्याची मुभा होती. आपल्याकडे पुष्कळ काही आहे. ती मुभा आपल्याकडे राहील का, हा प्रश्न आता कारागिराइतकाच नागरिकाचाही आहे.

२७/
शेवटी एवढेच. भोके न जुळणे म्हणजे दोन वस्तू दोन वेगळ्या माणसांनी, दोन वेगळ्या गरजांसाठी घडवल्याचा पुरावा. त्यांना जोडणारा तिसरा माणूस बहुधा निनावी राहतो. आपल्या आजोबांच्या काळातली लूना, शेतावरचा डिझेल इंजिन जोडलेला जुगाड, गल्लीतल्या सायकलवाल्याने घासून बसवलेली एखादी पट्टी, असे जोडकाम आपण पाहिले असेल तर छायाचित्रासह खाली जरूर लिहा. कोणी केले, कशासाठी केले, तेही लिहा. इंजिनांचा इतिहास लिहिला गेला आहे. पट्ट्यांचा अजून बाकी आहे.

#थ्रेड समाप्त.